चार माग, दोन कामगार आणि वर एक सावकार: आप्पांना कुठल्या खान्यात घालू?

खासबागची लिहिते:

नमस्कार मंडळी. प्रश्न तसा एका फॉर्मचा आहे. पण त्यावरून घरात दोन दिवस वाद चाललाय म्हणून इथं टाकते.

मी बेळगावातल्या खासबागेत राहते, घरूनच काम करते. आमची कंपनी पुण्याची होती, गेल्या वर्षी इंग्लंडच्या एका कंपनीनं ती घेतली. आता तिकडून सगळ्यांना एक फॉर्म आलाय. नाव घालायचं नाही, भरला नाही तरी चालतंय. त्यात एक प्रश्न असा: तुम्ही साधारण १४ वर्षांच्या असताना तुमच्या घरात सगळ्यात जास्त कमावणारी व्यक्ती काय काम करत होती? खाली पर्याय. एकात शिक्षक, नर्स, वकील, इंजिनिअर. एकात मॅनेजर लोक. एकात क्लार्क वगैरे. एकात मेकॅनिक, प्लंबर, इलेक्ट्रिशियन. एकात मशीन चालवणारे, वॉचमन, शेतमजूर. एकात ड्रायव्हर, सफाईवाले, हमाल. मग छोटे धंदेवाले, म्हणजे ज्यांच्याकडे २५ पेक्षा कमी माणसं कामाला. मग वर्षाहून जास्त बेकार असलेले. शेवटी 'सांगायचं नाही'. शेतमजूर सापडला, शेतकरी मात्र कुठंच दिसला नाही. पण ते जाऊ दे, आमच्या घरात शेती नाहीच.

मी १४ ची म्हणजे २००० साल. तेव्हा आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडात चार यंत्रमाग होते. आप्पा दोन बघायचे, दोन कामगार होते ते दोन बघायचे. आई आणि आजी कांड्या भरायच्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायच्या. शाळेतून आल्यावर मीही बसायची. माग आमचे, शेड आमची, लाईटबिल आमचं. सूत मात्र सावकाराचं, म्हणजे साड्यांच्या व्यापाऱ्याचं. भरलेला बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, त्याच्याकडून यायचा, डिझाईन तोच सांगायचा, साड्या त्यालाच द्यायच्या आणि साडीमागं मजुरी घ्यायची. दर तोच ठरवणार. आप्पांनी एक साडी बाहेर विकली असती तर दुसऱ्या दिवशी बीम बंद.

आता फॉर्म बघून आप्पा म्हणतात, "लिही की गं, धंदेवाला म्हणून. चार माग कुणाचे होते? दोन माणसांचा पगार कोण देत होतं?" आई आतून ओरडली, "मालक म्हणे! आठवड्यातला एक दिवस त्याच्या ओट्यावर जात होता, उभं राहून." माझा भाऊ उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. त्याचं म्हणणं, "मशीन ऑपरेटर लिही आणि विषय संपव."

आईचं बोलणं मला लागलं, कारण मी एकदा आप्पांच्या बरोबर सावकाराकडं गेले होते. साड्यांचा गठ्ठा माझ्या डोक्यावर होता. सावकार एकेक साडी ट्यूबलाईटच्या उजेडात धरायचा, कापडावरून तळहात फिरवत जायचा. मध्येच थांबून अंगठ्याचं नख घासायचा. धागा सरकला की खडूनं गोल. त्या गोलाचे पैसे कापायचे. ओट्यावर खुर्ची होती. आप्पा बसले नाहीत, त्यांना बस म्हणून कुणी म्हणालंही नाही. आमच्या शेडात दोन्ही कामगार आप्पांना "मालक" म्हणायचे. त्या ओट्यावर आप्पांना नावच नव्हतं. "ए खासबाग, पुढं ये." असं. वडगावचा तो "वडगाव", शहापूरचा तो "शहापूर".

काल जुन्या ट्रंकेत माझ्या शाळेच्या स्कॉलरशिप फॉर्मची झेरॉक्स सापडली. शाळा मराठी, फॉर्म कानडी. 'तंदेय उद्योग' म्हणून एक ओळ आहे, म्हणजे वडिलांचा व्यवसाय. आप्पांनी 'विणकर' सांगितलेलं मला चांगलं आठवतंय. 'नेकार' लिहायला पाहिजे होतं. तिथं कुणीतरी 'कूली' लिहिलंय. कदाचित मजुरी मिळते म्हणजे कूलीच, असा हिशोब असेल. आप्पांना मी तो कागद दाखवलेला नाही.

तर कुणाला माहीत असेल तर सांगा. कुठला खाना खरा? इंग्लंडवाल्यांना हे कशाला पाहिजे? आणि आपल्याकडं असं कुणी मोजतं का? देशभरात बापाच्या धंद्याचं चित्र सगळीकडं सारखं असणार नाही, हे आपल्या एका जिल्ह्यावरूनच कळतंय. निपाणीला बिडी, गोकाकला मिल, चिकोडी-अथणीला ऊस, खानापूरला जंगल आणि कौलं, गावात फाउंड्री नाहीतर मिलिटरी.

---

मँचेस्टरवासी टिळकवाडीकर:

ताई, मी गेली अकरा वर्षं इकडं आहे. माझं कामच अशा फॉर्ममधल्या आकड्यांचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे घाबरू नका. हे उत्तर बघून कुणी तुमची नोकरी ठरवत नाही. कंपनीत कुठल्या घरातून आलेली माणसं किती, एवढंच मोजतात. इकडं उच्चार ऐकून माणसाचं खानदान ओळखायची जुनी खोड आहे, त्यामुळं हल्ली मोठ्या कंपन्या आणि सरकारी खाती हा प्रश्न मुद्दाम विचारतात. १४ वर्षंच का? तर त्या वयात पोराला बाप काय करतो ते नीट माहीत असतं, पोरगं शाळेत असतं, आणि पन्नाशीत विचारलं तरी आठवतं. उत्पन्न विचारलं तर कुणालाच आठवत नाही. तुम्हाला २००० साली आप्पांना साडीमागं किती मिळायचे ते सांगता येईल का?

त्या सगळ्या पर्यायांचे शेवटी तीन गट होतात. वरचा गट व्यावसायिक आणि मॅनेजरांचा, मधला गट क्लार्क आणि छोट्या धंदेवाल्यांचा, खालचा गट कामगारांचा. मेकॅनिक-प्लंबर खालच्या गटात जातात, हे बऱ्याच जणांना पटत नाही, कारण इकडचा प्लंबर क्लार्कपेक्षा जास्त कमावतो. पण इथल्या वर्गीकरणाचा पाया कमाई नाही. तुमचं मालकाशी नातं कसलं आहे, त्याच्यावर सगळं आहे. महिन्याचा पगार, बढती, स्वतःच्या अकलेनं काम करायची मोकळीक आहे, का तासावर आणि नगावर पैसे आणि वर मुकादम? ही पद्धत २००१ पासूनची. देशाचा ठोकताळा म्हणून कंपन्या जे आकडे धरतात ते असे: ३७ टक्के वरच्या गटातले, २४ मधले, ३९ खालचे.

आता तुमचा मुद्दा, देशभर सारखं का नाही. नाहीच. लंडन आणि त्याच्या आसपास वरच्या गटातल्या नोकऱ्या जास्त, म्हणून तिथल्या पोरांचे आईबापही तसेच. इंग्लंडच्या ईशान्येला आणि दक्षिण वेल्समध्ये कोळशाच्या खाणी आणि पोलाद. माझ्या ऑफिसात त्या ईशान्येतल्या डरहॅमकडचा एक साहेब आहे, १९८२ साली १४ चा. त्याचं उत्तर एका शब्दात: खाणकामगार. १९८४-८५ चा मोठा संप झाला, नंतर खाणी एकेक करत बंद पडल्या. त्याच गल्लीतल्या त्याच्या भाच्याचा बाप गोदामात वॉचमन होता. गल्ली तीच, गटही तोच, पण दोघांचं बालपण एक म्हणायचं का? म्हणून मी आमच्याकडं सारखा सांगत असतो, की लंडनच्या ऑफिसला आणि ईशान्येतल्या संडरलंडच्या ऑफिसला एकच ३९ चा आकडा लावू नका. संडरलंडमध्ये खालच्या गटातले ४० टक्के निघाले तर त्यात शाबासकी कसली?

आणि हे खास तुमच्यासाठी. इकडं १९११ च्या जनगणनेवरून लोकांचे पहिल्यांदा आठ वर्ग पाडले. पाच वर्ग वरून खाली शिडीसारखे, आणि तीन बाजूला: कापड कामगार, खाणकामगार आणि शेतमजूर. कापडवाल्यांना कुठल्या पायरीवर उभं करायचं हे त्यांनाही उमजलं नव्हतं असं दिसतं. पुढच्या जनगणनेत तो वेगळा खाना काढून टाकला. मी राहतो तो सगळा पट्टाच कापड गिरण्यांचा, ओल्डहॅम, बोल्टन, बर्नली. साठच्या दशकात आपल्या उपखंडातली माणसं इथं रात्रपाळीला मागावरच लागली. त्यांची नातवंडं आता हाच फॉर्म भरतात.

तुमच्या आप्पांचं उत्तर नियमाप्रमाणं 'छोटा धंदेवाला'. दोन माणसं पगारावर ठेवली की विषय संपला. म्हणजे मधला गट.

---

खासबागची:

दादा, एवढं लिहिलंत, आभार. पण तुम्हीच म्हणता की पाया मालकाशी नात्याचा. मग सावकाराचं काय? आमच्या शेडात बघितलं तर आप्पा मालक. ओट्यावर बघितलं तर नगावर काम करणारे. फॉर्म फक्त खाली बघतोय, तुमच्या हाताखाली किती माणसं. तुमच्या डोक्यावर कोण, ते विचारतच नाही.

---

मँचेस्टरवासी टिळकवाडीकर:

बरोबर धरलंत. त्याला माझ्याकडं उत्तर नाही. इकडं हल्ली टॅक्सीवाल्यांचं तेच चाललंय. गाडी स्वतःची, दर मोबाईलमधला. तेही 'स्वतःचा धंदा' मध्येच टिक करतात.

---

इचलकरंजी जुना बसस्टँड:

आमच्यात याला शब्द आहे ताई. खर्चीवाला. माग स्वतःचा, सूत दुसऱ्याचं. ज्याचं सूत स्वतःचं तो वेगळा. लग्नाच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच असायचा, "पाव्हणं, खर्चीवाले का स्वतःचं सूत?" माग किती ते नंतर. बारा मागांच्या खर्चीवाल्यापेक्षा सहा माग आणि स्वतःचं सूत असणाऱ्याकडं पोरगी आधी देत. इंग्लंडवाल्यांना सांगा म्हणावं, एक खाना वाढवा.

---

निपाणीची सिस्टर:

मला या प्रश्नातली 'सगळ्यात जास्त कमावणारी व्यक्ती' ही ओळ लई आवडली. आपल्याकडं कुठल्याही फॉर्मवर सरळ 'वडिलांचा व्यवसाय' असतो. माझ्या प्रत्येक फॉर्मवर 'ड्रायव्हर' आहे. बाबा टेम्पो चालवायचे हे खरं, पण वर्षातले चार महिने. राहिलेले आठ महिने त्यांचं मन लागत नसायचं, एवढंच लिहिते.

घर चाललं ते आईच्या बिड्यांवर. पानं रात्री भिजत घालायची, सकाळी पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीनं कापायची, सूपात तंबाखू, मांडीवर सूप. पंचवीसचा कट्टा. मला नीट वळता यायची नाही म्हणून माझ्याकडं तोंड दुमडायचं काम. डाव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवायचं, त्यानं दुमडायचं. नखाखाली पिवळं झालेलं असायचं, शाळेत बाई हात बघायच्या तेव्हा मी मूठ मिटायची. ठेकेदाराकडं बिड्या दिल्या की तो मूठभर बाजूला काढायचा, 'छाट' म्हणून. छाटाचे पैसे नाहीत, आणि छाट परतही देत नव्हता. खासबागच्या ताई, तुमचा तो खडूचा गोल वाचला आणि मला ती मूठ दिसली.

आणि आईबापाचा धंदा आपल्याकडं कुणी विचारत नाही असं नाही. बिडी कामगारांसाठी १९६६ ला कायदा झाला, १९७६ ला कल्याण निधीचा कायदा झाला. आईकडं बिडी कामगाराचं ओळखपत्र होतं. त्या कार्डावर मला स्कॉलरशिप मिळाली, वह्या-पुस्तकं त्यातून झाली, पुढं नर्सिंगला गेले ते पण त्या सवयीनं, फॉर्म भरायची भीती मोडली होती. म्हणजे माझ्या आयुष्यात एकाच कागदावर आईचा धंदा लिहिला गेला आणि तोच कागद कामाला आला. आमच्या गल्लीत कितीतरी बायकांकडं कार्डच नव्हतं. ठेकेदार नोंदच करायचा नाही. त्यांच्या पोरांच्या आया कागदोपत्री घरीच बसून होत्या.

तंबाखूचं गाव म्हणून बाहेरचे आम्हाला एकच समजतात. १९८१ चं तंबाखूचं आंदोलन सगळ्यांना ठाऊक आहे, ते शेतकऱ्यांचं. पण एकाच पानावर इथं शेतकरी, वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बायका, बिडीवाल्या, ठेकेदार आणि वर व्यापारी, एवढे थर. शाळेत सगळ्यांची पोरं एका बाकावर आणि डब्यावरून कळायचं कोण कुठल्या थरातलं.

---

निवृत्त गुरुजी:

मी चिकोडी भागात ३४ वर्षं मराठी शाळेत होतो. जनगणनेची पिशवी तीन वेळा खांद्याला लावली, १९९१, २००१ आणि २०११. म्हणून आपल्या देशातलं सांगतो.

आपली जनगणना बापाचा धंदा विचारत नाही. ज्याचा त्याचा विचारते. १९९१ पर्यंत कामाचे नऊ प्रकार होते. २००१ पासून वरवरचे चारच राहिले: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. 'इतर' मध्ये कलेक्टर, शिपाई, फाउंड्रीतला मोल्डर, मी, सगळे एकाच टोपलीत. ताई, २००१ साली तुमच्या दारात मी आलो असतो तर आप्पांना 'घरगुती उद्योग' हा आकडा घातला असता. घरातली माणसं मुख्य, कारखाना म्हणून नोंद नाही, मग तोच नियम. आईंना आणि आजींनाही तोच आकडा, जर त्यांनी मला काम सांगितलं असतं तर.

ही 'जर' मोठी आहे. बाईच्या कामाचं विचारलं की उत्तर नवरा देणार, "ती काय, घरीच असते." मी वहीत लगेच लिहीत नसे. पाणी मागायचो, पाणी घेऊन ती आली की विचारायचो, "काल कुठं होता बाई?" "भांगलायला." "परवा?" "भांगलायलाच की." मग नवऱ्याकडं बघायचो. सहा महिने भरले तर मुख्य काम करणारी, नाही भरले तर सीमांतिक. आता ते सहा महिने कोण मोजणार, हा भाग निराळा.

दुसरी गंमत शेतकऱ्याची. उताऱ्यावर आठ गुंठे असले तरी माणूस 'शेतकरी' सांगणार, मग वर्षभर दुसऱ्याच्या उसात तोड करत का असेना. शेतमजूर म्हणवून घ्यायला जीभ रेटत नाही. तरीही २०११ ला आकडा उलटला. २००१ मध्ये देशात १२.७३ कोटी शेतकरी आणि १०.६८ कोटी शेतमजूर होते. २०११ मध्ये शेतकरी ११.८८ कोटी, शेतमजूर १४.४३ कोटी. माझ्या वहीत हे आधीच दिसत होतं. ज्या घरात १९९१ ला बापाला मी शेतकरी लिहिलं होतं, त्याच घरात २०११ ला लेकाला शेतमजूर लिहिलं. वाटण्या होऊन होऊन बांध तेवढा उरला होता.

देशातला फरक म्हणाल तर दोन टोकं बघा. बिहारात १०० काम करणाऱ्यांमागं सुमारे ५३ शेतमजूर. केरळात शेतकरी ६ आणि शेतमजूर ११ च्या आसपास. हिमाचलात निम्म्याहून जास्त शेतकरी, कारण तिथं थोडी का होईना बहुतेकांकडं जमीन. तुमचा 'घरगुती उद्योग' देशभरात ३.८ टक्के फक्त. म्हणजे इंग्लंडचा फॉर्म उचलून बिहारात वाटला तर निम्मा गाव एकाच खान्यात जाईल आणि राहिलेल्यातले पुष्कळ 'शेतकरी कुठं आहे' म्हणून शोधत बसतील.

---

कोपऱ्यावरचा:

एवढा उपद्व्याप कशाला? आपल्याकडं आडनाव विचारलं की बापाचा धंदा कळतो. आजोबाचा पण.

---

निवृत्त गुरुजी:

कोपऱ्यावरच्या, पूर्वी कळत असेल. माझ्या वर्गात एकाच आडनावाची चार पोरं होती. एकाचा बाप साखर कारखान्यात चिटबॉय, एकाचा मराठा लाईट इन्फंट्रीत हवालदार, एकाचा कोल्हापुरी चपला शिवणारा, एकाचा पत्ता नाही. आडनावानं दरवाजा कळतो, आत काय शिजतंय ते कळत नाही. दरवाजाला किंमत नाही असं मात्र मी म्हणणार नाही, मीही इथंच जन्मलोय.

---

लोंढा पॅसेंजर:

खानापूर तालुका बोलतोय. माझे बाबा पावसात भात लावायला घरी, दिवाळीनंतर गोव्यात गवंडीकाम, मे मध्ये परत. मी १४ चा असताना एका वर्षी काजूच्या बियाही घेऊन विकल्या. कुठं टिक करू? आम्ही भावंडांनी ठरवलंय, "जूनमध्ये विचारलं तर शेतकरी, जानेवारीत विचारलं तर गवंडी."

---

धारवाडची ग्रंथपाल:

अर्थशास्त्राची मुलं माझ्याकडं हेच आकडे शोधायला येतात, त्यामुळं थोडं माहीत आहे. आपल्या सरकारी नमुना पाहण्यांत कुटुंबाची यादी असते, त्या घरात आज राहणाऱ्यांची. बापलेक एका घरात असतील तरच बापाचा धंदा आणि लेकाचा धंदा जोडता येतो. लेक वेगळा राहिला, पुण्याला गेला, की धागा तुटला. मुली तर लग्न झालं की यादीतूनच जातात. म्हणून या विषयावर जे लिहिलं जातं त्यात बाप आणि मुलगा भरपूर, मुलगी क्वचित. २००४-०५ आणि २०११-१२ ला झालेल्या 'इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे' मध्ये कुटुंबप्रमुखाच्या वडिलांचा धंदा वेगळा विचारला होता, म्हणून संशोधक त्याच्यावर तुटून पडतात. पण कुटुंबप्रमुख म्हणजे पुन्हा बहुतेक पुरुषच.

काही जण धंदा सोडून शिक्षणावरून मोजतात, कारण शिक्षण नीट नोंदलं जातं. आशर, नोवोसाद आणि रॅफकिन या तिघांचं त्यावर बरंच काम आहे. खालच्या थरातलं पोर किती वर चढतं ते जागेवर फार अवलंबून आहे, असं त्यात निघतं: दक्षिणेत जास्त, उत्तरेच्या मोठ्या पट्ट्यात कमी, शहरात खेड्यापेक्षा जास्त. आपला भाग दक्षिणेत धरायचा का, यावर आमच्या लायब्ररीत चहाच्या वेळी वाद होतो.

खासबागच्या ताई, तुमचा तो इंग्रजी फॉर्म एका अर्थानं चांगला आहे. तो तुम्हाला विचारतो. तुमच्या भावाला नाही, आप्पांनाही नाही.

---

खासबागची:

ग्रंथपाल ताई, हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग तुझं तू लिही की, कशाला सगळ्यांना विचारत बसलीस?"

निपाणीच्या सिस्टरचं वाचल्यावर माझ्या डोक्यात दुसराच किडा शिरला. 'सगळ्यात जास्त कमावणारी व्यक्ती' आमच्या घरात नक्की कोण? कांडी भरायचे पैसे सावकार वेगळे देत नव्हता, ते साडीच्या मजुरीतच धरलेले. आई आणि आजीनं कांडी भरली नसती तर बाहेरून भरून घ्यावी लागली असती. मी आणि आप्पांनी काल रात्री पाटीवर हिशोब मांडला. चार मागांना दिवसाला लागणाऱ्या कांड्या, बाहेरचा तेव्हाचा दर, तोही आप्पांना तोंडपाठ. त्यात लाईट गेलेले दिवस वजा, दोन्ही कामगारांचे पगार वजा, लाईटबिल, तेल, फणी बदललेली, खडूचे गोल. शेवटी आप्पांच्या वाट्याचा आकडा आणि आई-आजीच्या कांडीचा आकडा यांत फार अंतर राहिलं नाही. कामगाराचा पगार मात्र त्या महिन्यात आप्पांपेक्षा जास्त बसला. आप्पा बराच वेळ पाटीकडं बघत होते. मग म्हणाले, "भाद्रपद होता तो. लाईट नव्हती. दिवाळीच्या महिन्याचं मांड." दिवाळीचा मांडला. त्यात आप्पांचा आकडा वर गेला.

भाऊ जेवताना म्हणाला, २००९ ला आपण माग भंगारात किलोनं दिले तेव्हा ती गाडी उद्यमबागेकडंच गेली. "कुणाला ठाऊक, मीच वितळवला असेन." आप्पांनी ताटावरून मान वर केली नाही. आई मात्र हसली.

फॉर्म मी काल पाठवला. 'छोटे धंदेवाले' वर टिक केली. मँचेस्टरच्या दादांचा नियम म्हणूनही नाही आणि ते मला पूर्ण खरं वाटतं म्हणूनही नाही. आप्पा शेजारी खुर्चीत बसले होते. खाली 'आणखी काही सांगायचं असल्यास' अशी एक चौकट होती, तीनशे अक्षरांची. तिथं इंग्रजीत लिहिलं की सूत दुसऱ्याचं होतं आणि आई कांडी भरायची. कांडीला काय म्हणायचं ते शोधण्यात अर्धा तास गेला.

---

इचलकरंजी जुना बसस्टँड:

चांगलं केलंत. एक विचारायचं होतं, धोटा, म्हणजे मागात आडवा धागा घेऊन धावतो तो, असलं काही ठेवलंय का घरात? आमच्या शाळेत पोरांना दाखवायला पाहिजे. हल्लीच्या शटललेस मागाला धोटाच नसतो, पोरांना कळत नाही मी काय सांगतोय ते.

---

खासबागची:

दोन आहेत. एक आजीनं बांगड्या अडकवायला ठेवला होता तो देत नाही. दुसरा घेऊन जा. शनिवारी या, आप्पा घरी असतात. पण त्यांना चालवून दाखवा म्हणू नका, म्हणजे दिवसभर सोडणार नाहीत.